वाढीव

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेवटी नवं मशीन आलं. जुन्याचा पंखा इतका घरघरत होता की साहेब माझ्या खोलीत फोनवर बोलायचे बंद झाले होते. जुनं मी मागून घेतलं. साहेब म्हणाले, "काय लोणचं घालायचंय का त्याचं?" म्हटलं, घालेन. रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं आणि आईच्या कपाटाखाली सरकवलं.

भुंग्याने आज मला चकित केलं. माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून काम करताना नाकात गुणगुणतो, म्हणून भुंगा. खाणीच्या ऑफिसात मीच त्याला चिकटवला, तेव्हा साहेबांनी नाक मुरडलं होतं. आज एका बैठकीत त्याने सगळे प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालवून दाखवले. सुरुंगाचासुद्धा. तो प्रोग्रॅम म्हणजे माझ्या गळ्यातलं लोढणं. फोर्ट्रानमध्ये, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला. भोकांची खोली, दारूचं वजन आणि कडा कोणता ते सांगितलं की दगड किती लांब उडेल तो आकडा देतो. त्या आकड्यावर लाल झेंडे लागतात. झेंड्याच्या आत कुणी थांबायचं नाही.

"तुझा प्रोग्रॅम फार कुरकुऱ्या, ताई," भुंगा म्हणाला. "कॉमेंटमध्ये कुणीतरी एक एकटं अवतरणचिन्ह टाकून ठेवलंय, त्यावरून ओरडत होता. एका ओळीतली एक खूण काढली, चिडीचूप."

कोणती ओळ, हे विचारणार होते, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. आईला सांगितलं, तुझा मुलगा मार्गी लागला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उद्या पूर्वेच्या कड्यावर सुरुंग. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच. तिथला दगड भेगाळलेला, कुठूनही कसाही उडतो. आईच्या डोळ्याची पट्टी उद्याच काढायची आहे, म्हणून मी रजा टाकली. आकड्याचा कागद भुंगा काढून सुरुंगकाकांना देईल. काका तीस वर्षं सुरुंग लावतायत, त्यांना काय सांगायचं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

ढोल्या गेला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल लिहवलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

आईला घेऊन घरी आले आणि भुंगा दारात उभा. शर्टाचा पुढचा भाग लाल, तोंडावर राखाडी धूळ, आणि धुळीत केस चिकटलेले. त्याचे नव्हते. ढोल्या त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आमच्याकडे लोडर चालवायचा. दोघं झेंड्याच्या मागे उभे होते. चांगले वीस पावलं मागे. ढोल्या हसून काहीतरी सांगत होता, म्हणे. दगड घागरीएवढा. भुंगा म्हणाला, "ताई, त्याचं वाक्य अर्धं होतं." मग न्हाणीघरात गेला आणि इतका वेळ पाणी ओतत राहिला की आईने दार बडवलं.

आज सकाळी खाणीच्या फाटकावर सगळे जमले. ढोल्याचे दोन्ही भाऊ, लोडरवाले, डंपरवाले. काका आले तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. ते का आले? घरी बसायचं होतं. ढोल्याच्या थोरल्या भावाने त्यांची कॉलर धरली. काका म्हणाले, "मला आधी बोलू द्या."

तेवढ्यात भुंगा गर्दीतून आला. हातात ड्रिलचा तुटका दांडा. त्याने काकांच्या तोंडावर मारला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ओली फांदी मोडल्यासारखा. काका गुडघ्यांवर बसले, पुन्हा मारला. पुन्हा तोंडावरच. इतर लोक लाथा घालत होते, पाठीत, पोटात, मिळेल तिथे. काकांनी हात तोंडावर धरले तर भुंग्याने ते बुटाखाली घेतले. आधी एक, मग दुसरा. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने कोपर मागे घातलं आणि माझा ओठ फुटला. त्याला कळलंही नसेल मी आहे ते.

मग जमाव ऑफिसात घुसला. काचा, खुर्च्या, फायली. भुंग्याने माझ्या खोलीतलं नवं मशीन उचललं, वायरींसकट, आणि खिडकीतून खाली दगडांवर टाकलं. खाली जाऊन वर दांडा घातला, आतली तबकडी वाकेपर्यंत. त्याच्या तोंडाला फेस आला होता.

दुःखाने माणूस असा होतो हे मी वाचलं होतं. पाहिलं आज.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काकांचा जबडा तीन ठिकाणी मोडलाय. तारांनी बांधलाय. जीभ फाटली, दोन्ही हातांना प्लास्टर. दारात पोलीस बसवलाय, पण त्यांना वाचवायला नाही, ते पळू नयेत म्हणून. हलगर्जीपणाने मृत्यू, असा गुन्हा. मारहाणीचं कुणी नावच घेत नाही. शंभर माणसं होती, शंभरांना काही दिसलं नाही. मलाही विचारलं. मी म्हटलं, गर्दी होती.

भुंग्याचा जबाब झाला. त्याने सांगितलं, काकांनी झेंडा जवळ लावला होता, आकड्याच्या आत. साहेबांनी मान डोलावली. आकड्याचा कागद कुठे आहे? सुरुंगानंतर ऑफिसात परत जमा झाला होता, मोडतोडीत गेला. जेवताना मी विचारलं, "आकडा किती होता रे?"

"आठवत नाही."

"अंदाजे?"

"ढोल्याचं डोकं माझ्या अंगावर होतं ताई, आणि तू मला आकडे विचारतेस?"

आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. खरंच, काय बाई मी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काकू आल्या. दार उघडलं तर चप्पल न काढता सरळ आत आल्या. हातातली प्लास्टिकची पिशवी टेबलावर पालथी केली. दात. काही अर्धे, काही मुळासकट, रक्त सुकून काळं झालेलं.

"डॉक्टरांनी दिले," काकू म्हणाल्या. "म्हटलं ज्याने पाडले त्याला द्यावेत. कुठाय?"

भुंगा आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही. आई उठली, अजून तिला एका डोळ्याने धूसर दिसतं, आणि काकूंच्या दंडाला धरून ढकलू लागली. "माझ्या पोराचा जीवलग मेलाय! तुझ्या नवऱ्याने मारलाय!" काकूंनी आईच्या थोबाडीत मारली. आईने त्यांचे केस धरले. दोन साठीच्या बायका, एकमेकींना ओरबाडत टेबलावर आदळल्या. दात खाली सांडले. मी मधे पडले, माझ्या गालावर नखं उमटली. कुणाची ते माहीत नाही.

जाताना काकू उंबऱ्यात थांबल्या. धापा टाकत म्हणाल्या, "त्यांना काहीतरी सांगायचंय. तुमच्या घराचं नाव काढलं की डोळे मोठे करतात, घशातून आवाज काढतात."

राग असणार. कुणाला नसेल?

मी जमिनीवरून दात वेचले. कपाटाखाली गेलेला एक काढताना हात जुन्या मशीनला लागला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

भुंगा रोज संध्याकाळी एकच विचारतो. "काका बोलायला लागले का?" मी रोज हॉस्पिटलात फोन करून त्याला सांगते. अजून नाही. ऐकलं की श्वास सोडतो आणि दोन घास खातो. आतून पोळतोय तो. आपण काय करून बसलो हे त्याला कळतंय. काका बोलले की पाया पडून माफी मागायची असेल. त्याला तसं म्हटलं, तर माझ्याकडे बघत राहिला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सरकारी तपासनीस आले. बारीक, शांत माणूस. म्हणाले, "मशीन फुटलं ते फुटलं. प्रोग्रॅमची प्रत?"

प्रत होती. नव्या मशीनवर सगळं बसवल्यावर सवयीने मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. घरी येऊन जुनं मशीन टेबलावर घेतलं, पंखा घरघरायला लागला. भुंगा बाहेर होता. त्या दिवसाचे आकडे काकांच्या वहीतून तपासनीसांनीच लिहून दिले होते. पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम कंपाइल करून त्यात घातले.

एकशे ऐंशी मीटर.

पूर्वेच्या कड्याला एकशे ऐंशी? मला आठवतंय तसा तो तीनशेच्या आसपास असायचा. मग मशीनमध्ये आधीपासून असलेली जुनी प्रत चालवली, तेच आकडे घालून. तीनशे.

पंचनाम्यात आहे, ढोल्या दोनशेवर उभा होता. म्हणजे काकांनी झेंडा बरोबर लावला होता. कागद सांगत होता तिथेच. मग झेंडा आत लावला असं भुंगा का म्हणाला? गोंधळला असेल. त्या धुरात कोण गोंधळणार नाही!

दोन्ही प्रती मशीनकडूनच ताडून घेता आल्या असत्या. पण घाबरलेला माणूस आधी ओळखीच्या भुताकडे बघतो. पहिला संशय बहात्तराव्या रकान्याचा. जुन्या पद्धतीच्या फोर्ट्रानमध्ये ओळ बहात्तर अक्षरांच्या पुढे गेली की पुढचं सगळं न बोलता टाकून दिलं जातं. कागदावर ओळ आखूड दिसते, पण तिच्यातल्या एखाद्या छोट्या नावाच्या जागी मॅक्रोने लांबलचक मजकूर ओतला की ती फुगते आणि शेपूट कापलं जातं. असं एकदा माझ्यावर बेतलं होतं. ओळी मोजल्या. सगळ्या आत होत्या.

उद्या बघेन. डोळे चुरचुरतायत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सापडलं.

आमच्या हिशेबात 'वाढीव' नावाचा मॅक्रो आहे. भेगाळ दगडासाठी जास्तीचं अंतर. पूर्वेच्या कड्याला एकशे वीस, बाकी सगळ्या कड्यांना शून्य. मूळ सूत्र वेगळ्या फाइलीत आहे आणि ती फाइल मुख्य प्रोग्रॅममध्ये ओढून घ्यायची असते, 'इन्क्लूड' अशी एक ओळ लिहून. जुन्या प्रतीत त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # ही खूण, आहे. नव्या प्रतीत नाही. साधं इन्क्लूड. एवढाच फरक.

कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा, त्याच्या आधी प्रीप्रोसेसर फिरतो. त्याला हिशेब कळत नाही, तो फक्त शब्द बदलतो: 'वाढीव' दिसलं की तिथे एकशे वीस. हॅशवालं इन्क्लूड दिसलं की ती फाइल उघडून तिथे ओततो आणि तिच्यातलेही शब्द बदलतो. पण बिनहॅशचं इन्क्लूड ही फोर्ट्रानची स्वतःची ओळ. प्रीप्रोसेसर तिला हातही लावत नाही. ती फाइल नंतर कंपायलर उघडतो आणि तोवर शब्द बदलणारा निघून गेलेला असतो. सूत्रात 'वाढीव' तसंच राहतं, अक्षरं म्हणून. आणि फोर्ट्रान, जुना दिलदार फोर्ट्रान, अनोळखी नाव बघून ओरडत नाही. नवं व्हेरिएबल दिसतंय म्हणतो आणि त्याला जागा देतो. त्यात कुणी काही घातलेलं नसतं. कधी कचरा निघतो. आमच्याकडे शून्य निघालं. 'अनोळखी नावं चालणार नाहीत' अशी एक ओळ वर लिहिली असती तर तिथल्या तिथे अडकलं असतं. ती ओळ या प्रोग्रॅममध्ये कधीच नव्हती.

ना एरर, ना कुरकुर. चिडीचूप.

हॅश माझ्या भावाने काढला.

अजाणता काढला. त्याला कुठून माहीत असणार? एकट्या अवतरणचिन्हावर ओरडतंय म्हणून काढला, आणि ओरडणं थांबलं. मी त्याला हे कधी शिकवलंच नाही. पण काकांना शिक्षा होईल आणि त्यांनी काही केलेलं नाही. भुंग्याला कळलं की आपल्या एका खुणेने ढोल्या मेला, तर तो जिवाचं बरंवाईट करेल. कसं सांगू?

रविवार, २३ फेब्रुवारी

सांगितलं. आई शेजारी गेली होती. मी त्याला समोर बसवलं, हात हातात घेतला, जुन्या मशीनवर दोन्ही आकडे दाखवले. म्हटलं, तुझी चूक नाही, माझी आहे, आपण दोघं मिळून तपासनीसांना सांगू.

तो रडला नाही. म्हणाला, "अजून कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

मग त्याने माझा गळा धरला. खुर्चीसकट मी मागे भिंतीवर आपटले. अंगठे गळ्याच्या हाडाच्या वर. "तू मोठी शहाणी," तो म्हणत होता, "तू मोठी शहाणी." दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा जिन्यात आईची काठी वाजली आणि त्याने सोडलं. जाताना मशीन टेबलावरून ढकललं, वर पाय दिला, पेनड्राइव्ह खिशात घातला.

आईने विचारलं, आवाज कसला? मी म्हटलं, मशीन पडलं. गळ्याला ओढणी गुंडाळली.

धक्का बसला त्याला. माझं सांगणं चुकलं, असं एकदम सांगायला नको होतं.

एक प्रत तपासनीसांकडे आहे. शुक्रवारीच दिली होती. ते त्याला का सांगितलं नाही, कुणास ठाऊक. 'अजून कुणाला दाखवलंस' असं त्याने विचारलं तेव्हा तोंडातून 'कुणालाच नाही' बाहेर पडलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिणार.

दुपारी काकांना भेटायला गेले. तपासनीसांच्या आधी माझ्या तोंडून त्यांना कळावं म्हणून. दारातल्या पोलिसाची खुर्ची रिकामी. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या, जिन्यात भेटल्या. काल सकाळपासून काकांना थोडं थोडं बोलता येतंय, हे मीच काल भुंग्याला फोनवर सांगितलं होतं. नर्स म्हणत होती उद्यापर्यंत नीट बोलतील. त्याला बरं वाटेल म्हणून सांगितलं.

खोलीत भुंगा होता. खाटेवर एक गुडघा टेकून, दोन्ही हातांनी उशी दाबून धरलेली. काकांचे प्लास्टरचे हात उशीवर आपटत होते, ठक ठक. पायांनी चादर खाली गेली होती. आणि तो गुणगुणत होता.

मी सलाइनचा लोखंडी दांडा उचलला. बाटली फुटली. त्याच्या खांद्यावर घातला, पूर्ण ताकदीने. तो उशी सोडून भिंतीशी कोसळला. मी पुन्हा घातला. त्याने हात वर केला होता, त्या हातावर. हाड बाहेर आलं. पांढरं असेल असं वाटलं होतं, गुलाबी होतं.

मग नर्स, पोलीस, काकू, सगळे. काका खोकत होते, तोंडाच्या तारांतून लाल फेस येत होता. मी त्यांना टेकून बसवलं. ते माझ्याकडे बघून बोलले. शब्द फुटत नव्हते, कान ओठांशी नेला.

"सकाळी विचारलं... ह्याला. आकडा कमी... कसा? ह्याच कड्याचा?"

"कधी काका? त्या दिवशी?"

"सुरुंगाच्या आधी. म्हणाला... ताईने नवीन... बसवलंय. ताईचं... चुकत नाही." थुंकी गिळली. "म्हणून... लावला झेंडा."

भुंगा भिंतीशी बसून ऐकत होता. एकदाही नाही म्हणाला नाही.

शनिवार, १ मार्च

तपासनीसांना सगळं समजावलं. हॅश, वाढीव, प्रीप्रोसेसरने न उघडलेली फाइल. त्यांनी विचारलं, "एवढा आकडा चुकला हे तुमच्या भावाला कधी कळलं असेल?"

"काकांनी विचारलं तेव्हा शंका आली असणार. तपासायला पाच मिनिटंही लागली नसती."

"मग तपासलं का नाही?"

"नवं मशीन त्याने नीट बसवलं म्हणून सगळे त्याचं कौतुक करत होते," मी म्हटलं. "मीसुद्धा."

त्यांनी हे लिहून घेतलं नाही.

काकांवरचा गुन्हा मागे घेतायत. ढोल्याचे भाऊ काल आमच्या घरावर आले, खिडक्या फोडल्या, दारावर रॉकेल ओतलं. काडी ओढायच्या आधी थोरला दारावर डोकं आपटून रडायला लागला. धाकट्याने त्याला ओढत नेलं. आम्ही आत न्हाणीघरात बसून होतो. आईने मला तिचा हात धरू दिला नाही.

आज पोलिसाने जबाब घेताना विचारलं, "किती वेळा मारलंत?"

"दोनदा."

"पहिल्या घावात तो बाजूला झाला नव्हता का?"

"झाला होता."

"मग?"

मी म्हटलं, लिहा, दोनदा.

शनिवार, २९ मार्च

इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं, की होतं आणि लिहवलं नाही, कोण जाणे. ऑफिस पुन्हा सुरू झालंय. साहेब माझ्याशी अहो-जाहो करायला लागलेत. प्रोग्रॅममध्ये अनोळखी नावं न चालण्याची ओळ मी पहिल्याच दिवशी घातली. त्या एका ओळीने आणखी चार अनोळखी नावं बाहेर आली. वर्षानुवर्षं तिथे होती, रिकामी.

आज तुरुंगाच्या दवाखान्यात गेले. आई आली नाही. भावाच्या हातात लोखंडी पट्ट्या घातल्यात, बोटं मिटत नाहीत. बारीक झालाय. मी फळं नेली होती, पोलिसाने सोलून दिली, सुरी माझ्या हातात दिली नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेत शिव्या देत होता.

मग त्याने खिडकीकडे बघत म्हटलं, "पहिल्याच फटक्याला मी उशी सोडली होती, ताई."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.